चार वाजताची खरखर

समजा, तुमच्या हातात एक छोटा रेडिओ आहे. काटा दोन स्टेशनांच्या मधे, म्हणजे नुसती खरखर. आता रेडिओ आडवा धरून हळूहळू स्वतःभोवती फिरा. खरखर मोठी होईल तिकडे निघालात तर चुकलात. ती जिथे एकदम बारीक होते, तिथे रेडिओचं टोक जिकडे असेल त्या रेषेवर खरखरीचा चोर सापडतो.

वीज खात्याच्या तक्रार विभागात खरखरताई बावीस वर्षं हेच करतात. खांबावरचा सैल जोड, जुना मिक्सर, स्वस्तातला चार्जर. ठिणगी कुठेही उडो, रेडिओ बोंब मारतो. ताईंचा नवरा म्हणतो, "माशी शिंकली तरी ही विचारेल, कुठून?"

पण एका घरापुढे ताईंनी हात टेकले होते. तिथल्या वहिनींचा नवरा मासेमारीच्या बोटीवर. रोज चार वाजता वायरलेसवर पाच मिनिटं बोलणं. आठ दिवस नेमकी तेव्हाच खरखर, आणि त्याचा शब्द कळेना. उद्या बोट टप्प्याबाहेर जाणार; मग तीन आठवडे आवाज नाही.

ताईंनी त्या रेषेवरचे खांब ठोकले, शेजाऱ्यांचे फ्रीज बंद करवले. आणि त्यांनी दारात पाय ठेवला, की खरखर गप्प.

"तुम्हाला घाबरते ती," वहिनी म्हणाल्या.

"माझा मुलगा घाबरत नाही, ही काय घाबरणार? मी येते तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"उठते. दार कोण उघडणार?"

"त्याआधी?"

"बसलेली असते. कंबर धरते हो, म्हणून हीटिंग पॅड लावून. उठताना बंद करते..."

ताईंनी पॅड लावला. खरखर. बंद केला. शांत. पॅडच्या बटणातले पत्रे झिजून ठिणग्या टाकत होते.

"मी गल्ली पालथी घातली आणि तुम्ही चोराला टेकून बसलात."

चार वाजले. पॅड कपाटात, वहिनी कंबर धरून स्टुलावर. नवऱ्याचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला.

"आज तुझं सगळं कळतंय. आठवडाभर इकडेही नुसती खरखर होती."

वहिनी हसल्या. ताई थबकल्या. पॅडची ठिणगी फार तर दोन घरं ओलांडेल, समुद्र नाही. त्यांनी वही उघडली आणि हळूच म्हणाल्या, "विचारा ना त्यांना, तिकडे आठवडाभर काय चालू होतं, जे आज बंद आहे?"