बारीक टाका येसूचा

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. लेकाला न्हाई, सुनेला तर न्हाईच. तुला का सांगतेय — ठाऊक न्हाई. थकले, एवढंच.

लेकानं मला इकडं कतारला आणलं, अल अझीझियाच्या फ्लॅटवर. तो रास लफानला गॅसच्या कारखान्यात ड्युटीवर, सून हापिसात, नात शाळेत. घरात मी आणि एसी. बाहेर ऊन असं की पाऊल टाकवत न्हाई. बसल्या बसल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली. नातीनं, सईनं, ती मोबाईलवर लोकांना दाखवली. बघता बघता बायका शिकायला लागल्या — दुबईच्या, पुण्याच्या, कुठल्या कुठल्या. आता दर शुक्रवारी मी लाईव्ह बसते. चौथीत शाळा सुटलेली मी, सगळं बोटानं चालवते.

बायका विचारायच्या, आजी, दिवस कसे काढले? मी सांगितलं — नवरा गेला तवा पोरगं अंगावर पीत व्हतं. एकटीनं वाढवलं.

एकटीनं. किती पटकन निघतो न्हाई हा शब्द तोंडातनं? बायका हात जोडल्याची चित्रं पाठवायच्या. मला गोड लागायला लागलं ते.

एकटी कुठली? धाकटी बहीण व्हती माझी, येसू. मी वीटभट्टीवर, पोरगं तिच्या कडेवर. तिला स्थळं आली ती तिनं परतवून लावली — पोरगं चालायला लागू दे म्हणाली. मग म्हणाली, शाळंत जाऊ दे. मग कुणी आलंच न्हाई. आज गावाला ती एकटी हाय. खरी एकटी.

दर रविवारी तिचा फोन यायचा, घरात कुणी नसताना — इकडं सुट्टी शुक्रवारी असते. "आक्का, तोंड दाखव की गं तुझं. ते व्हिडिओचं करत्यात तसं." मी म्हणायची, "आपल्याला कुठलं जमतंय ते." अडाणी म्हातारीचं हे कुणाला खोटं वाटंल? पण मला भ्या व्हतं — जमतंय म्हणलं, तर उद्या ती माझं लाईव्ह बघंल. मी काय सांगते ते ऐकंल.

आमच्याकडं गोधडी दोघींनी शिवायची असते. समोरासमोर बसायचं, एकीनं ह्या कडंनं, दुसरीनं त्या कडंनं, मधी येऊन मिळायचं. एका शुक्रवारी लेकाची लहानपणची गोधडी मांडीवर घेऊन बसले. एका बाईनं विचारलं — आजी, अर्ध्यात टाका बारीक, अर्ध्यात मोठा, असं कसं?

मी दोरा ओढून घेतला. मग म्हणाले, "बारीक माझा तरुणपणीचा. मोठा डोळे गेल्यावरचा."

बारीक टाका येसूचा. माझा हात कधीच बारीक चालला न्हाई.

तेवढ्यात सईनं खाली कुणी लिहून पाठवलेलं एक वाचायला घेतलं. मराठी तिला अक्षर अक्षर जोडावं लागतं. "आक्का, मोबाईल शिकलीस. बरं झालं. येसू." शेजारच्या पोरीनं तिला लाईव्ह दाखवलं असणार, लिहूनबी तिनंच दिलं असणार.

"हू इज येसू, आजी?" सई तिला गावची आजी म्हणते, नाव कुठं ठाऊक तिला.

एरवी येईल त्या बाईचं नाव घेऊन मी नमस्कार सांगते, एकीचं चुकवत न्हाई. तवा मात्र म्हणाले, "असंल कुणीतरी." आणि सुईत दोरा ओवत बसले. येसू ऐकत व्हती — लाईव्हच व्हतं ते.

रविवारी फोन आला. वाटलं, भांडंल. न्हाई भांडली. लेकाची विचारपूस केली, सईची केली. तोंड दाखव, म्हणाली न्हाई. त्यानंतर कधीच न्हाई.

मी अजून शुक्रवारी बसते. बायका अजून म्हणत्यात, आजी, एकटीनं केलंत सगळं. मी मान हलवते.

येसू अजून रविवारी फोन करते. जेवलीस का, विचारते. मी म्हणते, जेवले.