जावयाचा बँक हॉलिडे

जावई बँकेतला नको, एवढी एकच अट मी घातली होती, कारण मी स्वतः जन्मभर बँकेत होतो. (मार्चअखेरीला नवरा घरी कधी येतो, ते आमच्या हिला विचारा.)

केतकीला, म्हणजे आमच्या मुलीला, निनाद मनापासून आवडला होता. मुलगा लंडनला, पुलांचा इंजिनियर. त्याची आई, परबबाई, इथे घाटकोपरला. आम्ही मुलुंडचे. सगळं झकास जुळलं होतं! सोमवारी व्हिडिओ कॉलवर साखरपुड्याची तारीख ठरायची होती. निनादने कळवलं, "सोमवारी बँक हॉलिडे आहे, मी दिवसभर मोकळाच आहे."

मी ताडकन उठलो. बँकेच्या सुट्टीला बँकवालाच मोकळा असतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पूलबिल सगळी थाप! केतकी म्हणाली, आधी त्याला विचारू तरी. पण मला कुठला धीर? मी थेट परबबाईंना फोन लावून मुलाची नोकरी नेमकी कसली, ते विचारलं.

त्या भडकून थेट मालवणीवर आल्या. "माझो झील खोटा बोलूचो नाय," म्हणाल्या. मग त्यांनाही शंका आली. बँकेला सुट्टी म्हणून हा घरी का? नोकरी तर गेली नाही? त्यांनी ऐन कामाच्या वेळी पोराला फोन करून रडायला सुरुवात केली. संध्याकाळी केतकी माझ्याशी बोलायची बंद झाली. लग्न मोडलं तर माझ्यामुळे मोडणार होतं, आणि खरं सांगतो, मी घाबरलो.

सोमवारी निनाद स्क्रीनवर आला आणि शांतपणे म्हणाला, "काका, इथे सगळ्यांच्याच सुट्टीला बँक हॉलिडे म्हणतात."

"पण सण कसला?"

"कसलाच नाही. नुसता सोमवार. दिवाळीला मात्र आम्ही ऑफिसात."

ना देव, ना जयंती, ना पुण्यतिथी, तरी सुट्टी! मी सपशेल शरण गेलो. केतकी खुदकन हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. निनादने रजा टाकून यायचं आणि दिवाळीच्या पाडव्याला साखरपुडा करायचा, असं ठरलं.

साखरपुडा थाटात झाला. परबबाईंनी मला हाताला धरून सगळ्या नातेवाइकांसमोर उभं केलं. "हे आमचे व्याही. बँकेत होते म्हणतात. आम्ही शाखेत जाऊन चौकशी केली, तिथे यांना कोणी ओळखलं नाही. पण म्हटलं, जाऊ दे, मुलगी चांगली आहे."