टाळ्यांत राहिलेलं वाक्य

“आठ महिने! आठ महिने हा रिपोर्ट गादीखाली दाबून ठेवला तुम्ही, बाबा?”

“हळू बोल. संत्रा तोडणाऱ्या बाया आंगनात बसून हायेत.”

“बसू द्या! तोंडाचा कॅन्सर हाय, ऑपरेशन ताबडतोब करा, असं लिवलं हाय यात.”

“वाचता येते मले,” भगवंतराव म्हणाले. गाल सुजल्यामुळे शब्द दातांतूनच निघत होते. “मी तुह्या औषधाची वाट पाहून राहिलो होतो.”

वृषाली मटकन खाटेवर बसली.

सौंसरच्या भगवंतरावांची ही एकुलती एक लेक. नागपूरच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं ती कॅन्सरच्या पेशी वाढवत होती. काचेच्या चपट्या डबीत त्या वाढवायच्या, मोजायच्या, औषध घालून थांबतात का ते बघायचं. दोन-तीन दिवसांआड त्यांचं खाद्य बदलावं लागे, म्हणून दिवाळीतही लक्ष्मीपूजन आटोपलं की ती बस गाठायची. आई, वच्छला, चिडवायची, “माह्या म्हशीले शेजारीण तरी चारा टाकते. तुह्या कॅन्सरले तूच पाह्यजे!” सहा वर्षं एका औषधामागे गेली आणि एका सकाळी डबीतल्या पेशी वाढायच्या थांबल्या.

गावानं सत्कार केला. शाल, नारळ, माईक. “आमच्या औषधानं कॅन्सरची वाढ थांबली,” एवढं ती बोलली आणि टाळ्या पडल्या. ‘पण फक्त डबीत’ हे पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पहिल्या रांगेत बाबा दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. तिनं ते वाक्य गिळलं. दुसऱ्या दिवशीची बातमी बाबांनी चौकट करून भिंतीवर लावली. त्याला तीन वर्षं झाली.

“ते औषध अजून उंदरालेही दिलं नाई, बाबा. माणसाले द्याले दहा वर्षं लागतीन. नाईतर कधीच नाई.”

“मंग त्या दिवशी काऊन नाई सांगितलं?”

“चुकलं माझं.”

“अवं, तिच्यावर कायले चिडता?” वच्छला दारातून म्हणाली. “तंबाखूचा खर्रा तिनं चारला का तुमाले?”

वृषाली उठून बापासमोर आली.

“बाबा, तुमच्या झाडाले डिंक्या लागून साल सडली तर काय करता?”

“खरडतो. मलम लावतो.”

“आधी काय?”

भगवंतराव अंगणाकडे बघू लागले.

“सांगा ना! मलम यायची वाट पाहत सडकी साल तशीच ठेवता? तिगावच्या वामनकाकानं ठेवली, तर त्यायच्या बांधावर उभं राहून तुम्ही शिव्या घातल्या. मी होती तिथं!”

भगवंतरावांनी गालावर हात ठेवला. त्यांचं तोंड आता दोन बोटंही उघडत नव्हतं.

“डॉक्टरांशी बोलली मी. ऑपरेशन अजून होते म्हणतात. जबडा थोडा काढा लागन. पुढच्या महिन्यात तेही नाई होणार. सोमवारी सकाळची बस हाय. मी सुट्टी टाकली. पेशी मेल्या तर मरू द्या.” तिनं रिपोर्ट त्यांच्यासमोर धरला. “येता ना? हाव म्हणा, बाबा. मान तरी हलवा.”

त्यांनी भिंतीवरची चौकट खिळ्यावरून काढली, उलटी करून खाटेवर ठेवली. खुंटीचा दुपट्टा ओढला. “चला, सोमवारच्या आत तोडणी उरकू,” ते अंगणातल्या बायांना म्हणाले. बायांनी पाय आवरून वाट दिली, आणि ते बगिच्याच्या दिशेनं चालू लागले.