पत्रकातला उजेड

वडील चळवळीतले, त्यामुळं अक्षरं मी पत्रकांवरूनच गिरवली. ताईनं मेढ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत प्रयोग दाखवायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मीच लिहिणार हे कुणी बोलूनही दाखवलं नाही.

ताई सांगलीच्या कॉलेजात संशोधन करते. साध्या पांढऱ्या एलईडीतली पिवळी पावडर विझायला वेळ लावते, म्हणून तो फार वेगानं लुकलुकू शकत नाही. ताईनं काचेवर चढवलेला हिरवा थर डोळ्याला कळणारही नाही इतक्या झपाट्यानं पेटतो-विझतो. त्या लुकलुकण्यातून आवाज, चित्रं, काहीही पाठवता येतं. एवढं ऐकून मी लिहिलं, ‘टॉवरवाल्यांची मक्तेदारी मोडा! आता दिव्यातून इंटरनेट!’

आमच्या गावात रेंज नाही. वर्ग खचाखच भरला.

पहिल्या बाकावर शेजारची काकी होती. तिचा मुलगा फौजेत. रेंज टेकावर मिळते, पण गुडघे गेल्यापासून तिनं फोनवर त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. फोन पदरानं पुसून तिनं दिव्याखाली धरला.

“लाव की गं. काल टेकावरनं कुणाकरवी निरोप धाडलाय त्येला, तयार बस म्हणून.”

ताई माझ्या कानाशी आली. “काय लिहिलंयस हे? उजेड इथून तिथं नेतो रे. पण गावापर्यंत आधी इंटरनेटची तार यायला नको?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आवं, चळवळीचा बल्ब हाय. आधी घोषणा द्या, मग पेटतोय!” वर्ग हसला.

ताईनं काकीच्या हातात माईक दिला. “बोला काकी. तुमचा आवाज या उजेडातून त्या भिंतीपर्यंत जाईल.”

“जेवलास का रं?”

समोरच्या स्पीकरातून तिचेच शब्द लख्ख ऐकू आले. टाळ्या पडल्या. काकी मात्र उत्तराची वाट बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

“पोचलं न्हवं त्येला?”

“न्हाई काकी. त्या भिंतीपर्यंतच.”

“मग छापलंस कशाला?”

ती उठली. “चल, हात दे. त्यो वाट बघत आसंल.”

पहिल्याच चढाला ती दगडावर टेकली आणि फोन माझ्या हातात दिला.

“तूच जा वर. त्येला सांग, बल्ब बिघडला.”

बल्ब बिघडला नव्हता. ते त्याला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी एकटाच टेक चढू लागलो.