पितृपक्षात दिलेला गाळा

लॉकडाऊननंतर अंबाजोगाईत गाळ्यांची दलाली म्हणजे नुसतं माशा मारणं झालं होतं. मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावरचं एक कापड दुकान बंद पडलं आणि तो मोठा गाळा कुणी घेईना. शटर बंद दिसलं की "इथं धंदा चालत न्हाई" म्हणत गिऱ्हाईक पुढं जातं. म्हणून मी माझंच टेबल तिथं मांडलं. रोज शटर वर, उदबत्ती, दिवे चालू. बायको हसायची, "भाडेकरू मिळंना म्हणून दलालच भाडेकरू झाला की!"

एका सकाळी नांदूरघाटकडची एक बाई आली. नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जायचे. यंदा पोरगी दहावीला होती, म्हणून तिला जायचं नव्हतं.

"दवाखान्यातल्या पेशंटच्या माणसांना भाकरी करून विकीन, भाऊ. शेगडीपुरती जागा द्या. उद्या मुकादम येणार हाय. त्याच्याकडनं आगाऊ उचल घेतली की आमी हंगामभर बांधलो गेलो."

अख्खा गाळा तिला कुठला झेपायचा? म्हटलं, पुढची बाजू तुमची, मी टेबल मागं सरकवतो. पण तिथंच बसलेल्या गाळ्याच्या मालकानं मोडता घातला. "पितृपक्षात नवं काम? येडा झालास का बे? घटस्थापनेला बघू."

आमच्या धंद्यातला नेमच तो. या पंधरवड्यात कुणाच्या हातात किल्ली द्यायची नाही. पण माझं डोकंच फिरलं. "मालक, तवर ही पुन्हा फडावर जायला बांधली गेली असंल!"

बाई मात्र शांत. म्हणाली, "काका, माझ्या पितरांनी जन्मभर ऊसच तोडला. त्यांच्याच दिवसांत मी कोयता खाली ठेवला तर ते कशापायी रागावतील?"

 मालक खिशातली जोडकिल्ली तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "पहिली भाकरी कावळ्याला ठेव."

आता भाकरी खायला आलेली माणसंच माझ्याकडं गाळ्यांची चौकशी करतात. मीही मोठे गाळे पार्टिशन घालून छोट्या धंद्यांना देतो. लई बरं चाललंय. बाईचा नवरा वॉर्डात भाकऱ्या पोचवतो, पोरगी माझ्याच टेबलावर अभ्यास करते आणि माझे पेन पळवते.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर तिच्या ऊसतोड टोळीचा ट्रक दारात थांबला होता. वरून हाका आल्या, "येतीस का गं?"

"आदी भाकरी घ्या!" म्हणत तिनं गठुडं वर दिलं. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती पिठाच्या हातांनी उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

आत येऊन म्हणाली, "भाऊ, टोळी जाताना कशी दिसती, ते आज पहिल्यांदा बघितलं."