आबांच्या डोक्यातले व्हॉल्व्ह

पाणीपुरवठ्याच्या नकाशा विभागात पाच माणसं होती. खर्चकपातीचं पत्रक आलं आणि स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरून चौघं एकाच महिन्यात घरी गेली. राहिल्या त्या एकट्या बाई.

"तुम्ही का नाही भरला अर्ज?" साहेबांनी विचारलं.

"घरी बसून करू काय?" बाई म्हणाल्या. साहेबांना तो विनोद वाटला.

घरी खरंच कोणी नव्हतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, भाऊ परगावी. ऑफिसात निदान "आज भाजीत मीठ विसरलात वाटतं" म्हणणारं कोणी असायचं. आता त्या खिडकीकडे तोंड करून डबा खायच्या, म्हणजे रिकाम्या खुर्च्या पाठीमागे राहायच्या.

काम मात्र पाच जणांचंच राहिलं. कुठे पाइप फुटला की विचारणा व्हायची, पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे? नकाशावर निम्मे व्हॉल्व्ह नव्हतेच. ते होते आबा मुकादमांच्या डोक्यात, आणि आबाही त्या चौघांतलेच. शेवटी बाईंनी त्यांच्या घरी फोन लावला.

"शाळेच्या फाटकापासून डावीकडे अकरा पावलं," आबांनी ताडकन सांगितलं. मग जरा थांबून, "माझी पावलं हं, तुमची नव्हेत."

कितीतरी दिवसांनी बाई खळखळून हसल्या. मग रोजच फोन होऊ लागला. एखादा व्हॉल्व्ह ठाऊक असला तरी बाई विचारायच्या.

एके दिवशी फोन आबांच्या सुनेनं उचलला. "ताई, राग मानू नका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुमचा फोन झाला की बाबा खाकी कपडे चढवून दारात बसतात. गाडी न्यायला येईल म्हणतात. जेवायलाही उठत नाहीत."

"नाही करणार," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात बाजारात पाइप फुटला. बाई स्वतः मजुरांबरोबर गेल्या. दोनदा भलतीकडेच खणलं, दुकानदारांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. तिसऱ्यांदा पहार लोखंडावर वाजली. बाईंनी टेप धरून अंतर मोजलं आणि नकाशावर खूण केली.

रविवारी त्या आबांना भेटायला गेल्या. पाण्याचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच. चहा झाला, उकाडा फार आहे म्हणून झालं, आणि मग बोलायला काही उरलंच नाही. आबा बशीकडे बघत बसले. अर्ध्या तासानं बाई उठल्या.

"येत जा हं," सून म्हणाली.

बाई "हो" म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.