स्पीकरवरचा भाऊ

अमेरिकेत मंदी आली आणि माझ्या भावाची नोकरी गेली. त्याला बडोद्याला परत यायचं होतं. एवढंच आईला सांगायचं होतं, पण आमच्याकडे भावाला स्पीकरवर लावत, त्यामुळे ते त्याला कधी सांगताच आलं नाही.

जाण्याआधी त्यानेच इंटरनेटवरून फुकट बोलायचं सॉफ्टवेअर आमच्या कॉम्प्युटरवर घातलं होतं आणि मला हेडफोन लावायला शिकवलं होतं. पण पोराचा आवाज एकट्याने ऐकणं म्हणजे परगावचा खाऊ एकट्याने खाणं. बाबांनी दोन मोठे स्पीकर आणले. रविवारी सकाळी मोडेम किरकिरला की काका-काकू, शेजारच्या गुजराती मासी, कोयलीच्या रिफायनरीतले बाबांचे निवृत्त मित्र, सगळे हजर. आई सेव-उसळ करायची, भांडी मी घासायची. भावाच्या नोकरीपेक्षा मला तेव्हा त्या भांड्यांचाच जास्त वैताग होता.

"कोण कोण आहे तिथं?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. पोराला माणसांची ओढ आहे, असं समजून आई कौतुकाने एकेकाचं नाव सांगायची. मग मासी माइकला तोंड लावून ओरडायच्या, "केम छे, दीकरा?"

"मजामां," तो म्हणायचा.

"ग्रीन कार्डचं कुठवर आलं?" बाबा विचारायचे आणि मित्रांकडे बघायचे. आवाज तिकडे उशिरा पोचायचा, इकडे सगळे एकदम बोलायचे. त्या गलक्यात त्याचं उत्तर कुणी ऐकून घेतलं नाही.

एका रविवारी सगळी मंडळी लग्नाला गेली होती. आईला ताप होता म्हणून आम्ही दोघीच घरी. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. आईने रिकाम्या खोलीकडे पाहिलं. पोराला घर ओकंबोकं वाटू नये, म्हणून ती म्हणाली, "सगळे आहेत रे. घर नुसतं भरलंय!" मला हसू आलं.

मग तो म्हणाला, "बरं. मी मजेत आहे."

पुढे त्याच्या खोलीत राहणारा मित्र सुट्टीवर आला, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. व्हिसा संपून गेला होता आणि भाऊ कुणा पटेलांच्या मोटेलात चादरी बदलत होता. "दर वेळी म्हणायचा, आज घरी सांगतोच," मित्र म्हणाला. आई त्या दिवशी जेवली नाही. बाबांनी पेपर उघडला, पण पान काही उलटलं नाही.

पुढच्या रविवारी मी दाराला आतून कडी घातली, स्पीकरची वायर उपसली आणि हेडफोन आईच्या डोक्यावर चढवला. माझा कान तिच्या कानाला भिडवला. मासींनी दार वाजवलं, मी उघडलं नाही. आमच्या रावपुऱ्यात रविवारी सकाळी दार बंद दिसलं तर लोकांना वाटतं, घरात कुणीतरी गेलं.

"आता कुणी नाही. बोल," आई म्हणाली.

"आई, येऊ का मी घरी?"

"ये ना रे राजा. विचारतोस काय!"

"बाबा काय म्हणतात?"

आईने माइकवर तळहात दाबला. मागे खुर्चीत बाबा बसले होते. "यायचं म्हणतोय. काय सांगू?" बाबा बंद दाराकडे बघत राहिले. दारापलीकडे मासींचा आणि मित्रांचा आवाज येत होता. मला बाबांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. हेडफोनमधून भाऊ "हॅलो, आई? हॅलो?" म्हणत होता.

आईने हात काढला. "बाबा बाहेर गेलेत रे," ती म्हणाली.

तेवढ्यात बाबांना खोकला आला. तो दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण माइक चांगला होता.

"बरं, आई," भाऊ म्हणाला. घरी येण्याचा विषय त्याने पुन्हा कधीही काढला नाही.